ओवाळून टाकलेलं नाणं

धातू शोधणारं यंत्र आधी थोडं कुरकुरलं, मग एकदम उंच, स्वच्छ सुरात वाजलं, आणि तुर्सिनबेक दचकला. गेले अडीच महिने तो रेल्वेवाल्यांच्या उद्यानात हे यंत्र जमिनीवरून फिरवत होता, रोज सकाळी चहा झाला की दोन तास, आणि या अडीच महिन्यांत तो एकदाही दचकला नव्हता, कारण तो जे शोधायला येतो ते इथे नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथे होती ती बिअरची झाकणं, सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद, सोव्हिएत काळातली काळी पडलेली कोपेकची नाणी, एकदा लष्करी कोटाचं एक बटण. त्यांचे आवाज त्याला तोंडपाठ झाले होते. लोखंड गुरगुरतं, झाकण चिरक्या आवाजात उडवून लावतं, तांबं मधल्या सुरात बोलतं. हा आजचा सूर त्याने आजवर एकदाच ऐकला होता, यंत्र घरात नवं आलं तेव्हा मुलाने आईची चांदीची अंगठी गालिच्याखाली लपवून गंमत दाखवली होती तेव्हा. त्याने सवयीने गुडघा टेकला, हिरवळीला तीन बाजूंनी काप देऊन ती वहीच्या पानासारखी उलटली, खालची माती रुमालावर काढली आणि बोटांनी चाळायला लागला. दुसऱ्याच मुठीत कड लागली. अंगठ्याने पुसल्यावर आधी ऐरण दिसली, मग घण उगारलेला लोहार, आणि लोहाराच्या डोक्यावर, नेमकं जिथे असायला नको तिथे, आरपार भोक. १९२४ सालचा चांदीचा अर्धा रुबल. वेणीत गुंफायला भोक पाडलेला. तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला आणि त्याला एवढंच वाटलं की कोणीतरी त्याला पकडलं आहे.

"काय रे, बॉम्ब सापडला का?" मागून गेनाचा आवाज आला. गेना ट्रामच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. त्याच्याकडेही असंच एक यंत्र होतं, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेलं, आणि उद्यानातली कारंज्यापासून वरची बाजू त्याची, खालची तुर्सिनबेकची, अशी दोघांनी केव्हाच वाटणी करून टाकली होती.

"कसला बॉम्ब. झाकण आहे."

"झाकणासाठी इतका वेळ गुडघ्यावर? मला वाटलं, नमाज पढायला बसलास. म्हटलं, चला, सुधारला."

"गुडघा धरलाय माझा. उठता येईना."

"मग तसं सांग की. दे हात. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने वर बघून चालावं, तू आपला जमिनीत डोकं घालून." गेनाने त्याला ओढून उभं केलं आणि रुमालाकडे बघितलं. रुमालावर नुसती माती होती. "तुझ्या आईचं, अपाचं नाणं अजून नाहीच ना? अरे, साठ वर्षं झाली. एव्हाना ते चालत चालत चीनला पोचलं असेल. बाजारात जा, तसलंच एक घे, म्हातारी खूश, तूही सुटलास."

"तेच करावं म्हणतो," तुर्सिनबेक म्हणाला, आणि नाणं मुठीत असलेला हात त्याने खिशात घातला. छत्तीस वर्षं तो बाजारातले तराजू तपासत होता. कसायांनी, कांदेवाल्यांनी, सुक्या मेव्याच्या बायकांनी त्याच्यापुढे काय काय धरलं होतं, पण त्याने कधी एक जर्दाळूही उचलला नव्हता, आणि आजही जुन्या बाजारात त्याचं नाव निघालं की लोक नावाला मान देऊन म्हणतात, तुरेके ना, काटा म्हणजे काटा. ते ऐकलं की त्याला बरं वाटायचं आणि मग लगेच फार वाईट वाटायचं. आज त्याने गेनाला सरळ तोंडावर खोटं सांगितलं होतं आणि त्याची जीभ जराही अडखळली नव्हती.

ती अडखळण्याचं कारणच नव्हतं. तिला नवव्या वर्षापासून सवय होती. तो बुधवार होता, चौसष्ट सालचा, मार्च महिना. धाकटा भाऊ कुआनिश चार वर्षांचा, तीन दिवस तापाने फणफणलेला. डॉक्टरीणबाई येऊन सुई टोचून गेल्या होत्या. खोलीत मेंढीच्या चरबीचा वास होता, ती त्याच्या छातीला चोळलेली होती, आणि त्याचा श्वास असा वाजत होता की तुर्सिनबेक धड्याचं पुस्तक घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला होता. वडील मालगाडीवर, चार दिवसांनी परतायचे. अपाने त्याला आत बोलावलं. तिने वेणीतून शोल्पी सोडली होती. चांदीच्या नाण्यांची ती जोडी तिच्या आईने तिला दिलेली, ती चालली की पाठीवर बारीक वाजायची आणि त्या आवाजावरून घरात ती कुठे आहे ते कळायचं. तिने दातांनी दोरा तोडून शेवटचं नाणं काढलं, कुआनिशच्या डोक्यावरून तीनदा फिरवलं, दर फेऱ्याला ऐनालायिन, ऐनालायिन म्हणत. तो शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचा, दूध सांडलं तरी आणि शाळेत पहिला आला तरी, तुझ्यावरून स्वतःला ओवाळून टाकते रे बाळा. पण त्या दिवशी तो त्याला पहिल्यांदा खरा ऐकू आला. मग तिने ते नाणं तुर्सिनबेकच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली. उद्यानात जा, मोठ्या कारागाचाच्या झाडाखाली, जिथे वाटा फुटतात तिथे टाक, कोणाशी बोलू नकोस, मागे वळून बघू नकोस. दुखणं नाण्याबरोबर जातं. जो उचलेल त्याच्याकडे जातं. हे तिने सांगितलं नाही. हे सगळ्यांनाच माहीत होतं.

तो कारागाचापर्यंत गेला होता. एवढं तरी त्याने स्वतःला नेहमी बजावून सांगितलं, की मी झाडापर्यंत गेलो होतो. तिथे उभं राहून त्याने मूठ उघडली. नाणं गरम होतं, आईच्या हातचं की त्याच्या, कळत नव्हतं. ते इतकं सुंदर होतं, त्या लोहाराच्या दंडाचे स्नायूसुद्धा दिसत होते, आणि शाळेत तर बाईंनी सांगितलं होतं की ताप जंतूंनी येतो. बाई काही खोटं बोलणार नाहीत. मग हे टाकायचं आणि कोणीतरी भलत्याच मुलाने फुकट उचलायचं? त्याने ते पँटच्या खिशात टाकलं आणि घरी येऊन सांगितलं, टाकलं. मागे बघितलं नाहीस ना? नाही. हे मात्र खरं होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार नाणं त्याच्यापाशी होतं, दिवसा खिशात, रात्री उशीखाली, आणि भिंतीपलीकडे तो श्वास वाजत होता. शुक्रवारी रात्री त्याला वाटलं की उद्या सकाळी शाळेत जाण्याआधी पळत जाऊन टाकून येऊ. शनिवारी सकाळी श्वास वाजत नव्हता. रविवारी घर माणसांनी भरलं, बायका गळ्यात पडून रडत होत्या, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो उद्यानात गेला. बुद्धिबळाच्या बाकांपाशी रविवारी पोस्टाची तिकिटं आणि बिल्ले बदलणारी माणसं बसायची. करड्या टोपीतल्या एका माणसाला त्याने ते नाणं दाखवलं. माणूस म्हणाला, भोक पडलंय रे, याला काय किंमत, आणि दोन पात्यांचा एक चाकू त्याच्या हातावर ठेवला. तो चाकू त्याने एकदाही उघडला नाही. आठवड्याभरात रस्त्याकडेच्या अरिकात, वाहत्या पाण्यात टाकून दिला. नाणं त्याने चाकूसाठी दिलं की कसंही करून हातातून जावं म्हणून दिलं, हे त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही येत नव्हतं. कधीकधी तो स्वतःला म्हणायचा, जंतूच ते, नाण्याचा काय संबंध. तो शिकलेला माणूस होता. पण शिकलेल्या माणसाला रात्रीतून उठून बसायला काही हरकत नसते.

आणि अपा विचारायची. हेच तर होतं. वर्ष-दोन वर्षांनी, कशावरून कशावर येऊन, ती विचारायची, तू ते नक्की टाकलं होतंस ना रे? लष्करात जायच्या दिवशी स्टेशनावर विचारलं. लग्नानंतर महिन्याभरात तो ओल्या कपड्यांनी घरी आला आणि शिंकला, तेव्हा विचारलं. तीस-बत्तीसचा असताना त्याला कावीळ झाली, महिनाभर इस्पितळात होता, अपा दोन बसगाड्या बदलून आली, दह्याची बरणी खाटेखाली ठेवली, त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा निरखून बघितला आणि म्हणाली, तुर्सिन, खरं सांग, तू ते टाकलं होतंस ना? त्याला तेव्हा इतका राग आला होता. मी इथे मरायला टेकलोय आणि हिला अजून कुआनिशच दिसतो. हिला सगळं ठाऊक आहे, ही माझ्या तोंडून ऐकायला टपली आहे. टाकलं, अपा, टाकलं, किती वेळा सांगू, असं तो खेकसला होता, आणि तिने नुसती मान हलवली होती. तिने पुन्हा कधी शोल्पी घातली नाही. ती पेटीच्या तळाशी कापडात होती, एका बाजूला एक फास रिकामा.

मग या वसंतात, नौरीझच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या जेवणाला सगळे जमले असताना, नातीने, तोग्झानने, पेटीतून ती काढून केसांना लावून बघितली. सप्टेंबरात तिचं लग्न. नाणी वाजली तशी एक्याण्णव वर्षांच्या अपाने मान वळवली. तिला आता दिसत नव्हतं, डोळ्यांवर साय आली होती, पण तो आवाज तिने ओळखला. ती म्हणाली, "तुर्सिन, तुझ्या पोराने तुला ते जमिनीतलं दाखवणारं यंत्र दिलंय ना? मग एकदा जाऊन बघ, ते नाणं आहे का तिथे." सगळं घर हळहळलं. बघा, म्हातारीला वाटतंय, पोरीच्या अंगावर शोल्पी पुरी चढावी. त्याची बायको रैखान दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतून यंत्र काढून, धूळ पुसून, दाराशी ठेवून मोकळी झाली. तेव्हापासून तो रोज येत होता. जे नाणं त्याने विकलं ते तो शोधत होता, आणि लोक त्याला वाटेत थांबवून म्हणायचे, आईसाठी एवढं करणारा मुलगा आजकाल कुठे असतो. गुडघ्यावर बसून दुसऱ्यांची झाकणं उकरताना त्याला कधीकधी ही आपल्याला नेमून दिलेली शिक्षा वाटायची, आणि ती तशी सोपीच होती म्हणून त्याची लाजही वाटायची.

आता मात्र नाणं खिशात होतं. उद्यानातून घर वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला. तो चढ रोज त्याला दमवायचा, आज तो कधी संपला कळलं नाही. हे अपाचं नाही. तिच्या नाण्याचं भोक तिच्या वडिलांनी खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं. हे सुबक, गोल. पण तिला दिसत नाही. बोटाला कळेल? नव्वदीतल्या बोटाला काय कळणार. द्यावं, अपा, घे, मिळालं, म्हणावं, ती हसेल, कदाचित रडेल, सप्टेंबरात तोग्झान ते घालेल, आणि तो प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही. साठ वर्षांचं खोटं अंगठ्याएवढ्या चांदीने खरं होईल. हे इतकं सोपं होतं की त्याच्या अंगावर काटा आला. किंवा सांगून टाकावं. पण एक्याण्णव वर्षांच्या बाईला हे सांगून तिचं काय भलं होणार? ती एवढं ऐकायला जगली का? मग तिच्यासाठी गप्प राहायचं की स्वतःसाठी, हा काटा काही केल्या मधोमध थांबेना.

दार रैखानने उघडलं. तिने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मग खिशातल्या हाताकडे.

"अहो, काय झालं? मूठ का आवळलीय अशी? बघू." त्याने हात मागे घ्यायच्या आत तिने त्याची बोटं उलगडली आणि किंचाळलीच. "अगं बाई! अपा! सुयिन्शी काढा, सुयिन्शी! आनंदाची बातमी आणलीय, बक्षीस दिल्याशिवाय सांगायची नाही! तुमचं नाणं सापडलं!"

तो काही म्हणेपर्यंत रैखानने त्याला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. अपा खिडकीशी गादीवर उशांना टेकून बसली होती, ऊन तिच्या गुडघ्यांवर आलं होतं. तिने हात पुढे केला. तुर्सिनबेकने नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. तिचा अंगठा कडेवरून फिरला, भोकापाशी थांबला. आणि तिने ते असं झटकलं की नाणं रजईवरून घरंगळत जमिनीवर पडलं.

"हे हातात धरून आणलंस?"

"अपा, तूच तर..."

"मी बघ म्हटलं होतं! आहे का ते बघ! उचलून आण असं कोण म्हणालं?"

"पण अपा, शोल्पी पुरी व्हायला नको का," रैखान म्हणाली, "तोग्झानच्या..."

"शोल्पीला काय चाटायचंय! एक नाणं कमी पडलं म्हणून नवरामुलगा उठून जाणार आहे का? अगं, कोणावरून काय ओवाळलंय ते घरात आणतात का? तू जा, चहा टाक. जा म्हणते ना." रैखान गेली. अपाचा हात चाचपडत त्याच्या कपाळावर आला. "ताप तर नाही ना? किती वेळ धरलं होतंस? मेल्या, म्हातारा झालास तरी तुला अक्कल आली नाही."

ती घाबरली होती. हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, कारण साठ वर्षांत आई घाबरलेली आहे असं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. तो गादीच्या कडेला बसला.

"अपा, हे ते नाहीच. हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे. तुझं मी टाकलंच नव्हतं."

त्याने सगळं सांगितलं, कारागाच, खिसा, उशी, रविवार. तो भराभर बोलत होता, आणि स्वतःच्या अडुसष्ट वर्षांच्या घोगऱ्या आवाजात ते सगळं फार हलकं वाटत होतं.

"उशीखाली," अपा म्हणाली. "तीन रात्री तुझ्या उशीखाली."

"हो."

"आणि मग कोणाला दिलंस?"

"होता एक माणूस. तिकिटं बदलायला यायचा. करडी टोपी होती."

"त्याला मुलं होती?"

साठ वर्षं त्याने तो रविवार उलटासुलटा करून बघितला होता, पण त्या माणसाला घर असेल, आणि घरात कोणी असेल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. "ठाऊक नाही, अपा," तो म्हणाला, आणि त्याला शरमेने मान वर करवेना.

"मला दुसरं कोणी नव्हतं रे," अपा म्हणाली. ती त्याच्याशी बोलत होती की नाही, कळत नव्हतं. "तुझा बाप गाडीवर. शेजारच्या बाईला म्हटलं, एवढं टाकून ये, तर ती म्हणाली, माझ्या घरात पोरं आहेत. बरोबरच होतं तिचं. मी कुआनिशला सोडून उठू शकत नव्हते. मग राहिलास तू. तुझी मूठ मिटली तेव्हाच मला कळलं, मी एकाचं काढून दुसऱ्याच्या हातात देतेय. कळलं, तरी दिलं. तो मधल्यामधे होता ना, अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि तू धडधाकट. मी दोघांत निवडलं. आणि नंतर तू नुसता शिंकलास तरी मला वाटायचं, आलं. ते वाटेत पडलं असेल, ह्याने परत उचललं असेल. म्हणून विचारायचे. तुला राग यायचा."

"मला वाटायचं, तुला माझा संशय आहे."

"संशय कसला. तू सांगितलंस टाकलं, म्हणजे टाकलं. तू कधी खोटं बोलायचास?" मग तिने उशीवरची पाठ सरळ केली आणि चेहरा त्याच्याकडे वळवला, जरासा चुकीच्या बाजूला, त्याच्या खांद्याकडे. "तुर्सिन. तू माझ्यावर राजी आहेस?"

हे जाणारी माणसं विचारतात, माझं सगळं माफ आहे ना, या अर्थाने. घराघरात विचारतात, आणि उत्तर एकच असतं, ते द्यायचंच असतं. त्याने किती जणांच्या उशाशी बसून ते दिलं होतं. जे मागायला त्याने आयुष्यभर तोंड उघडलं नव्हतं ते तीच त्याच्याकडे मागत होती, आणि ते द्यायचा त्याला काडीचा अधिकार नव्हता.

"राजी आहे, अपा," तो म्हणाला. आणि आपण पुन्हा एकदा काहीतरी आपलं नसलेलं घेतलं असं त्याला वाटलं. उलट विचारायचीही रीत असते. "आणि तू? तू आहेस माझ्यावर?"

अपाने नाक ओढलं. बाहेर रैखान पेल्यांत चहा ओतत होती.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "साबणाने."

तो उठला. न्हाणीघरात नळाखाली त्याने तळहात चोळले, नखांतली उद्यानातली माती काढली, पाणी काळं गेलं आणि मग पांढरं. ओलेच हात घेऊन तो परत आला आणि तिच्यापुढे बसला. अपाने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, नाकाशी नेऊन एकेक तळवा हुंगला, तान्ह्या पोराचं कपाळ हुंगतात तसा.

"अजून एकदा धू," ती म्हणाली.

तो परत उठला.